छताला टांगलेले चाक

वामनरावांची सायकल चोरीला गेली नव्हती. मी ती लालबागच्या रस्त्यात टाकून पळालो होतो. ही दोन वाक्ये लिहायला मला तीस वर्षे लागली, आणि आता लिहितानाही जिन्यावर पाऊल वाजले की हात थांबतो. ज्या माणसाविषयी लिहायचे त्याच्या गुणांपासून सुरुवात करावी, असे मनात होते. परंतु त्यांचे गुण मी पाहिले ते या खोट्याच्या आडोशाला उभे राहून. म्हणून आधी हे.

गिरगावात खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर आमची चाळ. बाविसाव्या वर्षी फोर्टातल्या एका कचेरीत कारकुनी लागली आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत राहायला आलो. भर श्रावण होता. शेजारचे दार उघडे होते आणि आत जे दिसले ते पाहून मी ट्रंक हातात घेऊनच उभा राहिलो. छताच्या कडीला सायकलचे एक चाक आडवे टांगलेले होते. त्याच्या कडेने दोन पोलकी, एक धोतर, काही पंचे असे ओले कपडे लोंबत होते आणि खाली शेगडीत निखारे फुलले होते. चाळिशीकडे झुकलेला एक सडपातळ गृहस्थ बोटाने ते चाक हळूहळू फिरवीत होता, प्रत्येक कपड्याला ऊब सारखी मिळावी म्हणून.

"पाहतोस काय?" ते म्हणाले. "पावसाळ्यात सायकलसुद्धा घरकाम करते. नाव काय तुझं?"

मी नाव सांगितले.

"मोठ्याने बोल रे. घंटी वाजवायची तर ऐकू यायला हवी."

माझा आवाज मुळातच लहान. पुढची तीस वर्षे हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकत आलो.

वामनराव एका खाजगी कंपनीत नकाशे काढीत. त्यांच्या पत्नी सुमतीवहिनी यांना दमा होता. मूलबाळ नव्हते. वहिनींना शेगडीचा धूर सोसत नसे, पाण्याचे हंडे उचलवत नसत. म्हणून घरातले बहुतेक काम वामनरावच करीत, आणि त्या काळात पुरुषाने असे उघडपणे करणे हा साऱ्या चाळीच्या करमणुकीचा विषय होता. समोरच्या खोलीतल्या मावशी गॅलरीतून मुद्दाम ऐकू जाईल असे म्हणत, "बायकोच्या साड्या वाळत घालतो, आणि म्हणे सायकलपटू!" वामनराव चिमटा दातांत धरूनच उत्तर देत, "दोन्हीला तोल लागतो, मावशी. या, नऊवारी एकही सुरकुती न पाडता दोरीवर घालून दाखवा, मी सायकल सोडतो."

सायकल मात्र ते सोडणार नव्हते. तिच्यावर त्यांचा जीव होता, आणि घरावरही होता. या दोन जीवांत भांडण होऊ नये म्हणून त्यांनी एक तक्ता केला होता. जुन्या नकाशाच्या पाठकोऱ्या बाजूवर बारा महिन्यांचे बारा रकाने, घरकाम काळ्या शाईने आणि सायकल तांबड्या. हा तक्ता स्वयंपाकघराच्या भिंतीवर असे. आषाढात सायकल सुटी करायची, प्रत्येक भाग रॉकेलने पुसून, ग्रीस लावून जुन्या लुगड्यात गुंडाळायचा, आणि पुढचे चाक कपड्यांसाठी टांगायचे. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा जोडणी. दिवाळीच्या आसपास घर झाडून झाले की एक रविवार ठाण्यापर्यंत. चैत्र-वैशाखात गच्चीवर गहू वाळवणे, आणि भल्या सकाळी मिरच्या घेऊन लालबागच्या डंकावर मसाला कुटायला. कुठल्याही फेरीला हँडलला कापडी पिशवी असायचीच. "रिकामी सायकल हाकायची नाही, बुवा," ते म्हणत. "घरातल्या माणसाला वाटतं, हा आपल्यापासून लांब चालला. पिशवी दिसली की वाटतं, परत येणार."

हिवाळ्याच्या रकान्यापाशी मात्र त्यांची तांबडी शाई अडखळलेली दिसे. मुंबईतली थंडी ती केवढी. पण सायकलीला तोच काळ सर्वांत चांगला, आणि वहिनींच्या दम्याला तोच सर्वांत वाईट. त्या रात्रभर उशांना टेकून बसून काढीत आणि पहाटे कुठे त्यांचा डोळा लागे. त्याच वेळी नळ येई. वामनराव आधी पिंप भरून घेत, मग वहिनींची झोप मोडायच्या आत वरळीपर्यंत जाऊन येत. "झोपेच्या मापाची रपेट" असे त्यांनी तिचे नाव ठेवले होते. एकदा मी त्यांच्या देखत वहिनींना विचारले, "तुम्हांला राग नाही येत?" त्या धापा टाकीतच हसल्या. "अहो भाऊजी, मीच घालवते यांना. समोर बसून माझे श्वास मोजत राहतात. त्यांनी मोजले की मला एकेक कमीच पडतो."

त्यांनी मला सायकल शिकवली ती चौपाटीच्या रस्त्यावर. मागून कॅरियर धरून ते धावत आणि मी सारखा मागे वळून पाहत असे, की त्यांनी सोडले तर नाही. "मधू, भीती वाटते ना? वाटू दे. पण भिताना मागे बघू नकोस. माणूस बघतो तिकडेच वळतो." मी शिकलो, परंतु ते कॅरियर धरून आहेत असे समजूनच चालवीत राहिलो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. चौपाटीवर, शिवाजी पार्कवर सभा होत. वामनराव सभेलाही पिशवी घेऊन जात. सायकल स्टँडवर लावून तिच्या शेजारी वाळूत बसत आणि भाषण ऐकता ऐकता मेथी निवडीत. घोषणा द्यायची वेळ आली की मेथीची जुडी हातात घेऊनच हात वर करीत. घरी येऊन वहिनींना म्हणत, "आजचं भाषण लांबलं, त्यामुळे लसूणही सोलून झाला."

मग तो जानेवारी आला. हरताळ, दगडफेक, अश्रुधूर, संचारबंदी. कुणी तरी जिन्याने धावत येई आणि सांगे, अमुक नाक्यावर गोळी चालली. दुसरा येई आणि माणसांचा आकडा वाढवी. मी कचेरीतून येताना भिंतीच्या कडेने येत असे. मी भित्रा माणूस आहे. लोक त्याला सौम्यपणा म्हणतात आणि मी ते म्हणू देतो.

त्यांपैकी एका सकाळी वहिनींचा दमा उसळला. लालबागच्या एका वैद्यांकडचे चाटण त्यांना लागू पडे. ते आदल्या दिवशी संपले होते. ट्रॅम बंद, बस बंद. वामनराव वहिनींच्या पाठीला टेकू देऊन बसले होते. त्यांनी हात काढला की वहिनी पुढे कोसळत. मी दारात उभा होतो. का कोण जाणे, मीच म्हणालो, "मी आणतो." आजवर ती सायकल त्यांनी कुणाच्या हाती दिली नव्हती. त्यांनी खुंटीवरच्या कोटाकडे मानेने खूण केली. "किल्ली खिशात आहे. पिशवी लाव. भायखळ्यावरून आतल्या रस्त्याने जा आणि तसाच ये. कुठे थांबू नकोस."

जाताना मी थांबलो नाही. वैद्यांनी दार अर्धेच उघडून पुडा माझ्या हाती दिला आणि लगेच लावून घेतले. पुडा मी शर्टाच्या आत घातला. येताना थांबलो. समोरच्या मोठ्या रस्त्यावरून समुद्रासारखा आवाज येत होता. उद्या कचेरीत सांगता येईल, मी तिथे होतो, असा एक क्षुद्र विचार मनात आला आणि मी हँडल तिकडे वळवले.

रस्त्यात पिंपे, हातगाड्या आडव्या टाकल्या होत्या, चहूकडे दगड पडले होते. मी एक पाय जमिनीवर टेकून पाहत राहिलो. पलीकडून पोलिसांची गाडी वळली. प्रथम काही फुटल्यासारखा आवाज झाला, मग माणसे माझ्या अंगावर आली. सायकल मी सोडली हे मला आठवत नाही. ती पडल्याचा आवाज, आणि चाक फिरत राहिल्याची कटकट, तेवढी आठवते. मी एका चाळीच्या जिन्याखाली शिरलो. एका बाईने माझा दंड धरून मला खोलीत ओढले. "भितर ये रे, भितर! गो, दार लाव!" आत पाच-सहा बायका आणि एक म्हातारा भिंतीला टेकून बसले होते. बाहेर लागोपाठ तीन आवाज झाले. त्या बाईने मला पाणी दिले.

थोड्या वेळाने म्हाताऱ्याने खिडकीच्या फटीतून पाहिले. "वायच शांत झाला. रस्त्यात एक सायकल पडली हा. तुझी काय रे ती? सांग, आताच हाडूक होयी."

मी फटीतून पाहिले. दगडांच्या मधोमध ती आडवी पडली होती आणि पिशवी अजून हँडलला होती. ती आणायला बाहेर जायला हवे होते, दहा-बारा पावले. म्हातारा माझ्यासोबत यायला उठलाही होता.

"नाही," मी म्हणालो. "माझी नाही."

आतल्या गल्ल्यांतून घरी पोहोचायला दुपार झाली. वहिनींना चाटण दिले, हळूहळू त्यांचा श्वास बसला. मग वामनराव गॅलरीत आले आणि म्हणाले, "सायकल खाली लावलीस?"

हे बोलणे मी वाटेत घोकून ठेवले होते. "वैद्यांकडे आत गेलो होतो. बाहेर आलो तर नव्हती."

त्यांनी माझ्या खांद्यांना, कोपरांना चाचपून पाहिले. "तुला कुठे लागलं नाही ना? मग झालं. गेली तर गेली. तू तिच्या मागे धावला नाहीस हे बरं केलंस."

माझे खोटे तेवढ्यावर राहिले असते तर मी ते कदाचित विसरूनही गेलो असतो. परंतु वामनराव नियमाने चालणारे होते. दोन दिवसांनी शहर जरा निवले तेव्हा त्यांनी इस्त्रीचा कोट चढवला, सायकलच्या पितळी बिल्ल्याच्या नंबराची पालिकेची पावती काढली आणि म्हणाले, "चौकीवर वर्दी देऊन येतो. नंबर आहे म्हणजे सापडेल." मी त्यांच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेलो. ती सायकल पोलिसांना दगडांच्या मधोमध सापडली असेल, हे या शहरात मला एकट्याला ठाऊक होते. तोंड उघडायला सबंध रस्ता होता. कोपऱ्यावर ते म्हणाले, "तू इथेच थांब. उगाच दोघांचा खोळंबा कशाला?" आणि मी थांबलो. ते पावतीची घडी हातात धरून आत गेले. मी तासभर उभा राहिलो, मग आणखी तासभर. ते बाहेर आले नाहीत. आत विचारायला मी गेलो नाही.

अकरा दिवस त्यांना कोठडीत ठेवले. त्या अकरा दिवसांत मी त्यांचे घर चालवले. भिंतीवरच्या तक्त्यातला पौषाचा रकाना वाचून मी पिंप भरी, शेगडी गॅलरीत पेटवून धूर गेल्यावर आत नेई, लुगडी दोरीवर घाली. जिन्यावर बूट वाजले की मी हंडा खाली ठेवी. मला वाटे, पोलीस आले. वामनरावांनी माझे नाव सांगितले. बूट कुणा दुसऱ्याच्या दाराशी थांबत आणि मी पुन्हा नळाशी जाई. मावशी म्हणाल्या, "शेजारी असावा तर असा." वहिनी मला थरथरताना पाहत आणि उलट मलाच धीर देत. "भाऊजी, इतकं मनाला लावून घेऊ नका. ते येतील. त्यांनी काही केलेलंच नाही, मग कोण कशाला ठेवील?"

ते आले ते भर दुपारी. कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत. उजवा गुडघा विजारीतूनही सुजलेला दिसत होता. दारात येऊन त्यांनी प्रथम वहिनींकडे पाहिले, मग पिंपाकडे.

"पिंप भरलंय!" ते म्हणाले, आणि खाली बसले.

गुडघ्याविषयी विचारले की ते "पडलो" एवढेच सांगत. मला मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी गॅलरीत बोलावले. "एक सांगतो, पुन्हा हा विषय काढायचा नाही. सायकल त्यांना दगडफेकीच्या जागी सापडली. त्यांचं एकच चाललं होतं, त्या दिवशी सायकल कुणी नेली होती? मी म्हटलं, मीच. तुझं नाव घेतलं असतं तर तुलाही आत घातलं असतं. तुझी नोकरी नवी, अंगात ताकद नाही. आणि चोरी झाली त्यात तुझा काय दोष?"

मी काही तरी बोललो.

"काय म्हणालास? मोठ्याने बोल."

"काही नाही," मी म्हणालो.

खटला वगैरे काही झाला नाही. सायकल परत मिळाली ती पावसाळ्यानंतर. ज्या सायकलीवर त्यांनी कधी थेंब राहू दिला नव्हता, ती पावसाचे चार महिने चौकीच्या अंगणात भिजली होती. त्यांनी रॉकेल आणि विटेची पूड घेऊन पंधरा दिवस गंज काढला. नट आवळायचे पाने मी हातात देत होतो. एका रविवारी वाडीच्या रस्त्यावर नेऊन ते सीटवर बसले. डावा पाय फिरला. उजवा गुडघा अर्ध्यावर अडला. त्यांनी पुन्हा पाहिले, पुन्हा अडला. ते खाली उतरले, हँडलला पिशवी अडकवली आणि सायकल हाताने ढकलीत भायखळ्याच्या भाजीबाजाराकडे चालू लागले. "इतकी वर्षं मी तिच्यावर बसलो," ते म्हणाले, "आता ती माझ्यावर बसणार."

त्यानंतर ते कधीच सायकलवर बसले नाहीत. तक्ता मात्र चालू राहिला. दर आषाढात सायकल सुटी होई, चाक छताला लागे. नारळी पौर्णिमेनंतर जोडणी होई, हवा भरली जाई. राज्य झाले त्या दिवशी चाळीत पेढे वाटले. वामनरावांनी माझ्या तोंडाशी पेढा धरला आणि म्हणाले, "खा रे, तूही सोसलंस." तो पेढा मी गालात धरून खोलीत गेलो. दरवर्षी पाने हातात देताना मी ठरवी, आता सांगायचे. त्यांनी "मधू, एक विचारू?" असे म्हटले की मला वाटे, यांना कळले; आणि ते विचारीत, तेलाची बाटली कुठे ठेवलीस. भीती आता पोलिसांची उरली नव्हती. त्या घरात माझ्या नावाची एक वाटी असे, ती जाईल याची होती.

गेल्या महिन्यात ते दोघे चाळ सोडून पेणला निघाले, वहिनींच्या भावाकडे. जिना आता दोघांनाही झेपत नाही. सामान बांधून झाले होते. भिंतीवर तक्त्याच्या जागी फिकट चौकोन उरला होता आणि छताची कडी रिकामी होती. वामनरावांनी सायकल गॅलरीत आणून माझ्यासमोर उभी केली. पुसलेली, हवा भरलेली, पितळी बिल्ल्यासकट. हँडलला नवी पिशवी होती, वहिनींनी शिवलेली.

"ही तुझी," ते म्हणाले. "त्या अकरा दिवसांत तू माझं घर उभं ठेवलंस. तुझ्याशिवाय ही कुणाला द्यायची?"

"घ्या हो भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही नसतात तर मी आज नसते."

मी हँडल धरले. त्या दिवशी लालबागला सोडले तेच हँडल. हाताला इतके गार लागले की मी ते पुन्हा टाकतो की काय असे वाटले. मागे दार होते. मी तिकडे पाहिले नाही. स्टँड लावून सायकल उभी केली आणि बोललो. पण आवाज फुटला नाही.

वामनराव कानामागे तळवा धरून पुढे झुकले. "मोठ्याने बोल रे."

तेव्हा मी मोठ्याने बोललो. इतक्या मोठ्याने की मावशींच्या खोलीतली नवी बिऱ्हाडकरीण दारात आली. "वामनराव, सायकल चोरीला गेली नव्हती. मी दंगल बघायला थांबलो, आणि घाबरून तिला रस्त्यात टाकून पळालो. एका माणसाने विचारलं, तुझी का, तर नाही म्हणालो. तुम्ही वर्दी द्यायला निघालात तेव्हा मला सगळं माहीत होतं आणि मी कोपऱ्यावर उभा राहिलो. तुमचा गुडघा माझ्या खोट्यामुळे गेला. वहिनी, त्या अकरा दिवसांत मी पाणी भरलं ते भीतीने भरलं, त्याला उपकार म्हणू नका. मी चुकलो. तुम्ही दोघं मला क्षमा करा."